भूदार : रानडुक्कर, त्याची नावे आणि त्याचा अधिवास



आपल्या सरांच्या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण मला आले, तेव्हा विषय कळविण्याची विनंती त्या पत्रातच होती. मराठीचा निवृत्त प्राध्यापक येणार म्हणजे तो संतवाङ्मयावर, फार तर खानदेशातील लोकगीतांवर बोलेल, असा संयोजकांचा समज असावा. मी उत्तरी 'रानडुक्कर' एवढाच शब्द लिहून पाठविला. दोन दिवसांनी दूरध्वनी आला, "सर, विषयाचे अक्षर नीट लागले नाही." अक्षर नीट लागले होते. शंका वेगळी होती, आणि ती रास्तही होती. म्हणून आरंभीच या निवडीचा खुलासा करतो.

आपले सर शाळेत विज्ञान शिकवीत. १९६४ सालच्या हिवाळ्यात ते आम्हा आठवीच्या मुलांना डांगच्या जंगलात सहलीस घेऊन गेले होते. सुरतेहून बिलिमोऱ्यापर्यंत मोठी गाडी आणि तेथून वघईपर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या अमदानीत, १९१३ साली, सुरू झालेली ही ६३ किलोमीटरची वाट सागाच्या जंगलाच्या तोंडाशी नेऊन सोडीत असे. दुसऱ्या दिवशी पहाटे सर आम्हाला एका ओढ्याच्या काठी घेऊन गेले. आम्हाला वाघ पाहावयाचा होता. दिसले ते असे : पंधरा-वीस हात जमीन कोणी अर्धवट नांगरून टाकावी तशी उलथीपालथी झालेली, ओढ्याच्या वळणावर चिखलाचे एक डबके आणि त्याच्या कडेच्या ओल्या मातीत राठ केसांच्या रेघाच रेघा, जवळच्या सागाच्या बुंध्याला आमच्या कमरेच्या उंचीपर्यंत थापलेला, वाळू लागलेला चिखल. ओल्या जागी खुरांचे ठसेही होते, पुढे दोन मोठी खुरे आणि मागे दोन बाजूंना दोन लहान टिंबे.

"कोण येऊन गेले?" सरांनी विचारले. एका मुलाने उत्तर दिले आणि सगळे हसले, कारण हा शब्द आमच्या तोंडी केवळ शिवी म्हणून असे. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "प्राणी दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. तो कसा आहे ते त्याने येथे लिहून ठेवले आहे. वाचा." आणि त्या ओढ्याकाठी उभे राहून, न पाहिलेल्या प्राण्याची उंची, त्याचे केस, त्याचे नाक, त्याची रात्रीची वाट हे सारे त्यांनी आमच्याकडून वदवून घेतले. शाळेत परतल्यावर त्यांनी मला संस्कृतच्या बाईंकडे धाडले, "अमरकोशात याला किती नावे आहेत ते विचारून ये." बाईंनी सिंहादिवर्ग उघडला. नावे बारा निघाली. मी पुढे भाषेकडे वळलो तो या आडवाटेने. तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे सरांनी दिलेल्या गृहपाठाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

त्या बारा नावांपैकी 'वराह' आणि 'सूकर' ही आपल्या परिचयाची. 'सूकर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'सुस' या शब्दाचा भाऊबंद. आणि लिनिअसने १७५८ साली रानडुकराला 'सुस स्क्रोफा' हे शास्त्रीय नाव दिले, त्यात तोच 'सुस' बसलेला आहे. 'वराह' शब्दाचे आप्त अवेस्तेच्या भाषेत सापडतात. सुरतेच्या पारशी बांधवांना ते नवे नाही. परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते उरलेल्या काही नावांनी. ती नावे म्हणजे निरीक्षणाच्या नोंदी आहेत. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शरीरवर्णनाची जी कलमे असतात, त्यांतील कितीतरी या नावांत आधीच येऊन गेली आहेत.

पहिले नाव 'स्तब्धरोमा', म्हणजे ज्याचे केस ताठ उभे राहतात तो. आपल्याकडील रानडुक्कर ही 'सुस स्क्रोफा' या जातीची भारतीय उपजात होय. तिला वाग्नर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली 'क्रिस्टाटस' हे नाव दिले. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ तुरेवाला. युरोपातील रानडुकरापेक्षा आपल्याकडील डुकराच्या अंगावर केस विरळ. पण मानेपासून पाठीच्या कण्यावरून मागे जाणारी आयाळ मात्र अधिक भरदार. भय वा क्रोध झाला की ही आयाळ उभी राहते आणि मूळचा प्राणी आणखी उंच भासतो. रंग काळपट करडा, त्यात तांबूस व पांढऱ्या केसांची भेसळ. वय वाढेल तसा करडेपणा वाढत जातो. संस्कृत कोशकाराने आणि जर्मन शास्त्रज्ञाने, एकमेकांपासून हजाराहून अधिक वर्षांच्या अंतरावर, नाव ठेवताना नेमकी हीच एक गोष्ट हेरली.

उंचीविषयी बोलावयाचे तर पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे ९० सेंटिमीटर भरतो, आणि मोठ्या नराचे वजन २०० किलोंच्याही पुढे जाऊ शकते. सामान्यतः दिसणारी डुकरे याहून बरीच लहान असतात आणि माद्या तर नरांपेक्षा लहानच. गावातल्या डुकराशी त्याची गल्लत करू नये. रानडुकराचा सारा भार पुढच्या अंगात, खांद्यांत असतो. मागचा भाग निमुळता होत जातो. शेपूट सरळ, टोकाशी केसांचा झुबका. धावताना ती उभी धरलेली. पाळीव डुकराच्या शेपटीला वेटोळे पडते आणि देह नळकांड्यासारखा होतो, ही माणसाच्या हजारो वर्षांच्या पाळण्याची किमया आहे. दोघांचे मूळ एकच.

दुसरे नाव 'घोणी', म्हणजे नाकाड्या. आणि त्याच्या जोडीला 'पोत्री'. 'पोत्र' या शब्दाचे दोन अर्थ कोशात मिळतात, डुकराचे मुस्कट आणि नांगराचा फाळ. हे दोन अर्थ एका शब्दात नांदावेत यात भाषेची केवढी दृष्टी आहे पाहा! डुकराच्या नाकाच्या टोकाला एक चपटी, केसरहित, अतिशय संवेदनशील चकती असते. तिच्या मागे एक स्वतंत्र लहानसे हाड आधाराला असते, आणि मानेचे बलदंड स्नायू त्याला रेटा देतात. त्यामुळे हे नाक वास घेण्याचे इंद्रिय आणि जमीन फोडण्याचे अवजार अशी दोन्ही कामे करते. डुकराची दृष्टी बेताची, कान तिखट आणि घ्राणशक्ती विलक्षण. मातीखालचा कंद, किड्याची अळी, भुईमुगाची शेंग हे त्याला वरून कळते. म्हणूनच तिसरे नाव 'भूदार', भूमी विदारण करणारा. वघईच्या ओढ्याकाठी आम्ही पाहिलेली ती अर्धवट नांगरट हीच.

चौथे नाव 'दंष्ट्री', सुळेवाला. डुकराच्या जबड्यात पुरे ४४ दात असतात. बहुतेक सस्तन प्राण्यांनी आपापल्या आहाराप्रमाणे काही दात गमावले. डुकराने आपला संच जवळजवळ मूळ स्वरूपात राखला. आहारही तसाच : कंदमुळे, गवत, पडलेली उंबरे, मोहाची फुले, बांबूचे कोंब, किडे, बेडूक, साप, अंडी, प्रसंगी मेलेल्या जनावराचे मांस. नराचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे बाहेर व वर वळलेले असतात. खालचा सुळा आयुष्यभर वाढतो आणि तोंडाच्या प्रत्येक हालचालीबरोबर वरच्या सुळ्यावर घासला जाऊन धारदार राहतो. म्हणजे पाते आणि सहाण ही दोन्ही त्याच्या तोंडातच. नरांच्या आपसातील झुंजीत हे सुळे खांद्यावर बसतात, आणि म्हणून तेथे कातडीखाली चिवट उतींची जाड ढाल तयार झालेली असते. अशा प्राण्याच्या चालून येण्यासाठी मराठीत 'मुसंडी' हा चपखल शब्द आहे. मान खाली, रोख सरळ आणि साऱ्या देहाचा भार मुस्कटामागे. आज हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत अधिक भेटतो. मुसंडी मारणाऱ्या पक्षांना तिची मूळ मालकी कोणाची, हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

पाचवे नाव 'घृष्टि'. त्याच्या मुळाशी घासण्याची क्रिया आहे. सागाच्या बुंध्यावरचा तो चिखल आठवा. डुकराला घामाने अंग निववता येत नाही, कारण त्याच्या घर्मग्रंथी त्या कामी फारशा उपयोगाच्या नाहीत. उष्ण कटिबंधात राहणाऱ्या, जाड कातडीच्या, चरबीदार प्राण्याला ही अडचण जिवावरची आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे चिखल. अंगावरचा ओला चिखल पाण्यापेक्षा सावकाश वाळतो आणि तितका वेळ अंग थंड ठेवतो. तो वाळला की झाडाला अंग घासायचे. त्याबरोबर गोचिड्याही निघून जातात. आपण ज्याला घाणीची आवड म्हणतो, ती वस्तुतः उन्हापासून जगण्याची युक्ती आहे. हे एकदा ध्यानी आले की 'डुकरासारखा लोळतो' या वाक्प्रचारातील हेटाळणी जरा थबकते.

आता प्रपंचाविषयी. रानडुकरांचे कळप माद्या आणि पिलांचे असतात. वयात आलेला नर बहुधा एकटा फिरतो आणि माजाच्या काळात कळपाजवळ येतो. मादीचा गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा. वेत साधारणतः चार ते सहा पिलांचे. विण्यापूर्वी मादी गवत आणि डहाळ्या गोळा करून झुडपात घरटे रचते. खुरांच्या प्राण्यांत ही गोष्ट विरळाच. पिलांच्या तपकिरी अंगावर फिकट पट्टे असतात. झाडोऱ्यातून झिरपणाऱ्या उन्हात ती दिसेनाशी होतात. काही महिन्यांत पट्टे पुसट होऊन नाहीसे होतात. खुरे सम असूनही डुक्कर रवंथ करीत नाही. पायाला चार बोटे. पुढची दोन भार घेतात आणि मागची दोन चिखलात रुतल्यावर टेकतात. आम्हाला दिसलेली ती दोन टिंबे ह्याचीच खूण होती.

शरीर आणि अधिवास यांचे नाते अधिक स्पष्ट व्हावे म्हणून या कुळातील दोन दूरचे नातलग पाहू. पहिला आपल्या देशातलाच. आसामातील मानसच्या उंच गवताळ रानात 'पिग्मी हॉग' नावाचे बुटके डुक्कर राहते. हॉजसनने १८४७ साली त्याचे वर्णन केले. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, वजन सहा ते नऊ किलो. म्हणजे मांजराहून थोडे मोठे. ते नामशेष झाले असे मानले जात असताना १९७१ साली पुन्हा आढळले. त्याचे सारे जीवन त्या उंच गवतावर अवलंबून. गवत जाळले, कापले, गुरांनी तुडविले की ते संपते. पुढे त्याची बंदिस्त जागी पैदास करून २००८ सालापासून त्याला आसामातील अन्य गवताळ रानांत सोडण्याचे काम सुरू झाले.

दुसरा नातलग इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या परिसरातला, बाबीरुसा. या मलायी नावाचा अर्थच 'डुक्कर-हरीण'. त्याच्या नराचे वरचे सुळे तोंडातून बाहेर न पडता मुस्कटाची कातडी भेदून वर उगवतात आणि कपाळाकडे वळतात. आपल्या डुकराच्या नाकामागे असलेले ते आधाराचे हाड त्याला नाही. म्हणून घट्ट जमीन त्याला उकरता येत नाही. पर्जन्यवनातील मऊ चिखल तेवढा तो उकरतो. त्याच बेटावरील एका गुहेत रानडुकराचे एक चित्र आहे. ते किमान ४५,५०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आणि तेथील दुसऱ्या गुहेतील डुकराचे चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२४ साली. पहिल्या चित्रात मानेवरचे ताठ केस काढलेले आहेत. 'स्तब्धरोमा' हे नाव उच्चारले जाण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी ते रेखाटून ठेवले होते!

तेव्हा बुटके डुक्कर गवताशी बांधलेले, बाबीरुसा चिखलाशी बांधलेला. आपले रानडुक्कर मात्र कशाशीच घट्ट बांधलेले नाही, आणि हेच त्याचे सामर्थ्य. त्याला लागतात तीन गोष्टी : दिवसा पडून राहण्यापुरता दाट आडोसा, जवळ पाणी वा चिखल, आणि नाकाने पोहोचता येईल असे अन्न. किर्र अरण्यापेक्षा झुडपी रान, नदीकाठचे बेट, उंच गवत, ओढ्याची घळ या जागा त्याला अधिक मानवतात. माणसाचा उपद्रव असेल तेथे ते रात्री हिंडते.

या कसोटीवर आपला दक्षिण गुजरात पाहावा. पूर्वेस डांगची वने आहेत. १९७९ साली वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९० साली पूर्णा अभयारण्य. तेथे रानडुक्कर आहे आणि त्याच्यावर जगणारा बिबट्याही आहे. परंतु खरा बदल घडला तो वनाबाहेर. माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिलेला सुरत जिल्हा ज्वारी आणि कापसाचा होता. काकरापारचा बंधारा १९५०च्या दशकात झाला, उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले, तापीचे पाणी कालव्यांनी बारडोली, कामरेज, महुवा, मांडवीच्या शेतांत खेळू लागले, आणि त्या पाण्यामागून ऊस आला, सहकारी साखर कारखाने आले. डुकराच्या नजरेने पाहिले तर काय झाले? बारा-बारा महिने उभे राहणारे, पुरुषभर उंचीहून दाट, आतून थंड आणि ओले असे एक रान माणसाने स्वतः लावले. आडोसा, चिखल, अन्न, तिन्ही एके ठिकाणी. बिबट्याने ते जाणले, तसे डुकरानेही जाणले. आपण म्हणतो, जनावर शेतात शिरले. त्याच्या हिशेबी शेत आणि रान यांतील रेघ आपणच पुसून टाकली आहे.

दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते. डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून कोयत्यांच्या जोड्या येतात. फड कापत कापत आत जाताना आडोसा आकसत जातो आणि आतले जनावर शेवटच्या तुकड्यात कोंडले जाते. त्या तुकड्यातून निघणाऱ्या मुसंडीपुढे उभा असतो तो तोडणीचा मजूर. फडाचा मालक नव्हे.

येथे मला एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो मी आजवर सभेत सांगितलेला नाही. सरांच्या नावाच्या या व्याख्यानात तो टाळला, तर ते अप्रामाणिकपणाचे होईल.

१९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा महाविद्यालयात अधिव्याख्याता होतो. दिवाळीच्या सुट्टीत तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात, आमच्या एका आप्तांकडे गेलो होतो. त्यांचा भुईमूग काढणीला आला होता. एका रात्रीत डुकरांनी अर्ध्याहून अधिक वावर उलथून टाकले. सकाळी बांधावर उभ्या राहिलेल्या त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. वर्षभराचे तेल आणि सावकाराचा हप्ता त्या मातीत मिसळला होता. शेतकऱ्याच्या नुकसानीला कमी लेखून वन्यप्राण्यांची कणव करणारे लेख मी वाचतो, तेव्हा मला तो चेहरा दिसतो.

त्या रात्री त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून विजेची उघडी तार काढली आणि ओढ्याच्या उतारावर, गुडघ्याच्या खाली, ताणून बांधली. त्यांना गाठी मारताना उजेड हवा होता. बॅटरी धरून मी उभा होतो. हे बरोबर नाही असे मला वाटले की नाही, ते आज मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. बोललो मात्र काहीच नाही. डुकरे त्या रात्री आलीच नाहीत. पहाटे शेजारच्या वावरातला सालदार पाणी धरण्यासाठी त्याच उतारावरून आला. त्याचा जीव वाचला. उजव्या हाताची बोटे मात्र पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. तो मला 'मास्तर' म्हणत असे. पुढेही म्हणत राहिला, आणि तेच मला अधिक जड गेले.

सुरतेस परतल्यावर मी सरांकडे गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तार तेथेच का बांधली?" मी म्हणालो, डुकरांची वाट तीच होती. सर म्हणाले, "डुक्कर वाट निवडते ती सोपा उतार, पाण्याची जवळीक आणि झाडाचा आडोसा पाहून. माणूसही तेच पाहून निवडतो. डुकराच्या वाटेवर बांधलेली तार आपल्याच वाटेवर बांधलेली असते, एवढे तुला आठवीत शिकविले होते." त्यांनी याहून अधिक काही म्हटले नाही.

तेव्हापासून 'अधिवास' हा शब्द मला पारिभाषिक वाटत नाही. प्राण्याचा अधिवास समजून घेणे ही हौशी अभ्यासकाची करमणूक नव्हे. कोणाच्या वाटेवर कोण उभा आहे, हे समजून घेण्याचा तो मार्ग आहे. केरळात पालघाट जिल्ह्यात २०२० साली स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण मेली. असली स्फोटके तेथे रानडुकरांसाठी ठेवली जात. ती ज्याच्यासाठी ठेविली त्याच्यापुरती राहत नाहीत. तार तशीच, विष तसेच.

कायद्याची बाजूही पाहावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले. त्याच कायद्यात एखाद्या प्राण्यास ठरावीक प्रदेशात, ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी घोषित करण्याची तरतूद आहे. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडात रानडुकराच्या बाबतीत ती वापरली गेली. महाराष्ट्रात पीकनुकसानीची भरपाई देण्याची पद्धत आहे. यांपैकी कोणताही उपाय एकटा पुरा पडत नाही. वेतात चार-सहा पिले देणारा प्राणी मारून कमी होतो, पण आडोसा तसाच राहिला तर पुन्हा भरतो. उलट केवळ संरक्षणाची घोषणा केली, तर तिची किंमत बांधावरचा माणूस चुकवितो.

मला सुचते ते साधे आहे. पीक तयार होण्याच्या तीन-चार आठवड्यांत गावाने मिळून राखण करावी. एकट्याच्या राखणीने डुक्कर फक्त शेजारच्या वावरात जाते. वावराला लागून असलेली झुडपे साफ ठेवावीत आणि ओढ्याची, वनाची झाडी मात्र राखावी, म्हणजे त्याचा आडोसा त्याच्याच बाजूला राहील. कुंपण हवे तर क्षणभराचा हलका झटका देणारे प्रमाणित यंत्र वापरावे. मोटारीच्या पेटीतील प्रवाह कदापि नव्हे. फड कापताना मोकळ्या बाजूने सुरुवात करून ओढ्याकडची बाजू शेवटी ठेवावी, म्हणजे जनावराला निघून जाण्यास वाट उरेल आणि मजुराला त्याच्यापुढे उभे राहावे लागणार नाही. आणि भरपाई द्यावयाची तर पुढील पेरणीपूर्वी हाती पडेल अशी द्यावी.

हा सारा खटाटोप कशासाठी, असेही कोणी विचारील. रानडुक्कर हे बिबट्याचे भक्ष्य आहे; ते संपले तर बिबट्या गोठ्याकडे अधिक वळेल. ते माती उलथते, किडे व अळ्या खाते, मेलेली जनावरे संपविते. २०२० सालापासून आपल्या देशात आफ्रिकी स्वाइन फीवर हा रोग आला आहे. तो माणसाला होत नाही, पण पाळीव आणि रानटी दोन्ही डुकरांना तो मारक ठरतो. म्हणजे आपल्याला ज्याची संख्या फार वाटते, ते नेहमीच फार असेल अशी खात्री बाळगण्याचे कारण नाही. आसामातील त्या बुटक्या डुकराने हा धडा एकदा दिलेलाच आहे.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येतो. रामटेकच्या टेकडीवर वाकाटककालीन वराहाची मूर्ती आहे. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते, आणि दक्षिणेत सोन्याच्या नाण्यालाही 'वराह' म्हणत. ज्या मुस्कटाने आपले वावर उलथते, त्याच मुस्कटावर पृथ्वी तोलून धरल्याची कल्पना आपल्या पूर्वजांनी केली. ती कल्पना ज्याला सुचली त्याने रानडुक्कर जवळून पाहिले असले पाहिजे. मानेचे बळ, मातीशी असलेले नाकाचे नाते, हे पाहिल्यावाचून सुचणारे नाही. त्याच लोकांनी त्याला बारा नावे दिली. आपल्यापाशी आज एक उरले आहे, आणि तेही आपण एकमेकांवर फेकण्यासाठी वापरतो. गुजरातीतल्या 'भूंड' या शब्दाची गतही निराळी नाही.

येथे बसलेल्या मुलांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांचे आजोळ नवापूर, साक्री, व्यारा, सोनगढ या बाजूला असेल. सुट्टीत गेलात की पहाटे ओढ्याकाठी जा. मात्र एकटे नको, मोठ्यांना बरोबर घ्या. प्राणी दिसणार नाही. बुंध्यावर चिखल किती उंचीपर्यंत आहे ते मोजा, ठशातील दोन टिंबे शोधा, आणि ती वाट पुढे कोठे जाते ते पाहा. ती बहुधा तुमच्या आजोबांच्या बांधावरूनच जात असेल.

सरांनी आम्हाला न दिसणाऱ्या गोष्टी वाचावयास शिकविले. मी आठवीत तो धडा पाठ केला आणि तेहेतिसाव्या वर्षी विसरलो. त्याची किंमत दुसऱ्याच्या हाताने दिली.